मोठ्या संख्येचे अवयव हाताने कसे पाडावेत: बेळगावच्या पिन कोडपासून १२३४५६५४३२१ पर्यंत

सहा-सात अंकी संख्या समोर आली की बहुतेक मुले लगेच भागाकाराला लागतात. दोनने भाग जातो का, तीनने जातो का, सातने जातो का... पंधरा मिनिटांत पान भरते आणि हाती काही लागत नाही. पद्धत बदलली तर तेच काम निम्म्या वेळात होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांना घरी शिकवणाऱ्यांसाठी, ही पद्धत इथे पायरीपायरीने दिली आहे. दहावीच्या गणितात अंकगणिताचे मूलभूत प्रमेय येते: १ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्ण संख्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून, क्रम सोडला तर, एकाच प्रकारे लिहिता येते. पुढचे सगळे याच एका वाक्यावर उभे आहे. मूळ अवयव हाती आले की संख्येचे बाकीचे गुणधर्म दोन-चार ओळींत निघतात. ते येईपर्यंत मात्र जवळजवळ काहीच निघत नाही.

सरावासाठी आपल्याच भागातले पिन कोड घेऊ. ते सहा अंकी असतात, पाठ असतात, आणि शेजारच्या दोन गावांचे आकडे जवळजवळ असूनही त्यांचे गणिती स्वभाव पार वेगळे निघतात. (पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. पहिला ५ हा अंक कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणासाठी आहे.) चिकोडीचा ५९१२०१ सोपा आहे, बेळगावचा ५९०००१ दमवणारा.

पायरी १: संख्या बरोबर उतरवा

हे क्षुल्लक वाटते, पण आपल्या भागात चूक इथेच जास्त होते. पाटीवर कन्नड अंक, मराठी पुस्तकात देवनागरी अंक, परीक्षेच्या अर्जावर इंग्रजी अंक. कन्नडमधला एक आणि शून्य घाईत सारखे दिसतात, सहा आणि नऊ यांचीही गल्लत होते. संख्या उतरवली की मोठ्याने वाचा: पाच लाख नव्वद हजार एक. वाचताना अडखळलात तर एखादे शून्य कमी-जास्त झाले आहे.

मग संख्येशेजारी दोन आकडे लिहून ठेवा. ते शेवटपर्यंत ताळा पाहायला लागतात.

पहिला, नवाचा ताळा: सगळ्या अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत. ५+९+०+०+०+१ = १५, १+५ = ६.

दुसरा, अकराचा ताळा: उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा. १−०+०−०+९−५ = ५. उत्तर ऋण आले तर ११ मिळवा.

दोन्ही का हवेत? शेजारच्या अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्यात कधीच सापडत नाही. ५९०००१ ऐवजी ९५०००१ लिहिले तरी बेरीज १५ च राहते. अकराच्या ताळ्यात मात्र १−०+०−०+५−९ = −४+१, म्हणजे −३, म्हणजे ८ येतो. हवा होता ५. चूक जागच्या जागी सापडते.

पायरी २: फुकटात मिळणाऱ्या कसोट्या

२, ४, ५, ८ या शेवटच्या अंकांवरून कळतात, ३ आणि ९ अंकांच्या बेरजेवरून, ११ वरच्या ताळ्यावरून (उत्तर ० आले तर भाग जातो). यावर जास्त वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो पुढच्या कसोटीला. ती शाळेत फारशी शिकवली जात नाही आणि ७, ११, १३ या तिन्हींचा निकाल एकदम लावते.

७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि एक गट मिळवा, पुढचा वजा करा. जे उत्तर येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तरच दिलेल्या संख्येला जातो.

इथे एक ठरलेली चूक होते. आपण स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने देतो: ५,९०,००१. या कसोटीला ते गट चालत नाहीत. उजवीकडून तीन-तीनच अंक हवेत: ५९० | ००१. स्वल्पविराम पुसून मध्ये उभी रेघ मारणे बरे.

चिकोडीचा ५९१२०१ घ्या. अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ ने भाग जातो: ५९१२०१ ÷ ९ = ६५६८९. याची बेरीज ३४, म्हणजे ३ चे काम संपले. (एका अवयवाने भाग गेला की त्याच अवयवाने पुन्हा तपासायचे. हे विसरल्यामुळे उत्तर चुकलेल्या वह्या खूप असतात.) आता ६५ | ६८९: ६८९ − ६५ = ६२४. सातने भागले तर बाकी १, अकराने ८, आणि ६२४ = १३ × ४८. तेरा सापडला. ६५६८९ ÷ १३ = ५०५३. पुन्हा १३ ने भागले तर बाकी ९ उरते. पुढे १७, १९, २३, २९ जात नाहीत, ३१ जातो: ५०५३ = ३१ × १६३.

म्हणून ५९१२०१ = ३² × १३ × ३१ × १६३.

१६३ मूळ आहे का, ते वेगळे तपासायची गरज नाही. ३१ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या आपण आधीच बाद केल्या आहेत आणि १६३ हा ३१ × ३१ = ९६१ पेक्षा लहान आहे. त्याचे अवयव पडले असते तर त्यातला एक तरी ३१ पेक्षा लहान असता आणि आधीच सापडला असता. हा थांबायचा नियम नीट समजून घ्या. मेहनत वाचते ती यानेच.

गटांची नुसती बेरीज केली, वजाबाकी न करता, तर आणखी एक कसोटी मिळते. ९९९ = २७ × ३७, म्हणून त्या बेरजेवरून २७ आणि ३७ चा निकाल लागतो. बेळगावसाठी ५९० + १ = ५९१, त्याला ३७ ने भागले तर बाकी ३६. जात नाही.

पायरी ३: मूळ संख्यांचा तक्ता, एकदाच आणि चोख

चौकटीच्या वहीत सहा स्तंभ आखा आणि १ पासून ओळीने अंक भरा. ७४ ओळींत ४४४ पर्यंत पोचाल. सहा अंकी संख्येतून एखादा ३ किंवा ५ निघाल्यावर जे उरते त्याला साधारण एवढा तक्ता पुरतो. संख्या तशीच राहिली तर ९९७ पर्यंत लागतो. २ आणि ३ सोडले तर प्रत्येक मूळ संख्या पहिल्या किंवा पाचव्या स्तंभातच येते, म्हणून बाकीचे चार स्तंभ सरळ खोडा. मग ५, ७, ११, १३, १७, १९ च्या पटी खोडत जा. ४४४ चे वर्गमूळ २१ च्या थोडे पुढे आहे, त्यामुळे १९ वर थांबता येते.

मूळ वाटणाऱ्या पण मूळ नसलेल्या संख्या तक्त्यात शिल्लक राहतात आणि पुढे वेळ खातात. या खोडल्या आहेत का, ते एकदा पाहून घ्या: ९१ (७×१३), ११९ (७×१७), १३३ (७×१९), १४३ (११×१३), १६१ (७×२३), १८७ (११×१७), २०९ (११×१९), २१७ (७×३१), २२१ (१३×१७), २४७ (१३×१९), २८७ (७×४१), २९९ (१३×२३), ३२३ (१७×१९), ३९१ (१७×२३).

पायरी ४: शेपूट कापत भागणे

आता बेळगाव. ५९०००१ च्या अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ ने जातो, ९ ने नाही. ५९०००१ ÷ ३ = १९६६६७. गटांची वजाबाकी: ६६७ − १९६ = ४७१. सातने बाकी २, अकराने ९, तेराने ३. तिघेही बाद. ४४३ × ४४३ = १९६२४९ आणि ४४४ × ४४४ = १९७१३६, म्हणजे तपासायचे ते ४४३ पर्यंतच. दोन्ही अवयव त्याहून मोठे असते तर गुणाकार १९६६६७ च्या पुढे गेला असता.

१७ पासून पुढे दर वेळी मोठा भागाकार मांडू नका. १, ३, ७, ९ ने संपणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येसाठी ही रीत चालते: त्या संख्येची अशी पट वजा करा की एककस्थानी शून्य यावे, शून्य कापा, उरलेल्यावर तेच पुन्हा करा. उदाहरणार्थ ३१:

१९६६६७ − २१७ (३१×७) = १९६४५०, शून्य कापून १९६४५
१९६४५ − १५५ (३१×५) = १९४९०, कापून १९४९
१९४९ − २७९ (३१×९) = १६७०, कापून १६७
१६७ − २१७ = −५०, कापून −५

५ ला ३१ ने भाग जात नाही, म्हणजे १९६६६७ लाही नाही. एक लक्षात ठेवा: यातून फक्त जातो की नाही एवढेच कळते. शेवटी उरलेला ५ ही खरी बाकी नाही. खरी बाकी ३ आहे.

या संख्येत मुले दोन ठिकाणी अडतात. १०७ ला बाकी अवघी १ येते (१०७ × १८३८ = १९६६६६), आणि आपलेच काहीतरी चुकले असेल असे वाटून पुन्हा पुन्हा भागाकार केला जातो. चुकलेले काही नसते. दुसरी अडचण अशी की १०० ओलांडल्यावर धीर सुटतो आणि ‘मूळ संख्या आहे’ असे लिहून टाकले जाते. पण ४४३ पर्यंतच्या ८६ मूळ संख्यांपैकी शंभराच्या आत फक्त २५ आहेत. निम्मे कामही झालेले नसते.

तक्त्यातल्या ४४ व्या मूळ संख्येवर, १९३ वर, गाठ सुटते:

१९६६६७ − १७३७ (१९३×९) = १९४९३०, कापून १९४९३
१९४९३ − १९३ (१९३×१) = १९३००, कापून १९३०
१९३० मधून काही वजा करावे लागत नाही (१९३×०), कापून १९३
१९३ − १९३ (१९३×१) = ०

गुणक पाहा: ९, १, ०, १. उजवीकडून डावीकडे मांडले की १०१९. भागाकार आपोआप तयार झाला. १०१९ हा १९३ च्या वर्गापेक्षा, ३७२४९ पेक्षा, लहान असल्याने तो मूळच.

५९०००१ = ३ × १९३ × १०१९.

ताळा: नवाने ३, ४, २, गुणाकार २४, म्हणजे ६. जुळला. अकराने ३, ६, ७, गुणाकार १२६, त्याला ११ ने भागून बाकी ५. हाही जुळला. दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथली चूक पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरते.

पायरी ५: अवयवांवरून बाकीचे गुणधर्म

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. बेळगावचे तिन्ही घातांक १ आहेत, म्हणून २×२×२ = ८: १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७, ५९०००१. चिकोडीत ३ दोनदा आहे, म्हणून ३×२×२×२ = २४.

विभाजकांची बेरीज: ज्या मूळ अवयवाचा घातांक १, त्यात १ मिळवा. घातांक २ असेल तर १, तो अवयव आणि त्याचा वर्ग यांची बेरीज घ्या. मग सगळ्यांचा गुणाकार. बेळगावसाठी ४ × १९४ × १०२० = ७९१५२०. संख्या स्वतः वगळली तर २०१५१९ उरतात, संख्येच्या बरेच खाली.

१ पासून ५९०००१ पर्यंत तिच्याशी सहमूळ संख्या किती? प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणा: २ × १९२ × १०१८ = ३९०९१२. (अवयव पुन्हा पुन्हा येत असेल तर एकदाच १ वजा करायचा, बाकीच्या वेळी तो अवयव तसाच गुणायचा.)

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नियम असा: ४ ने भागून बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ५९०००१ ला ४ ने भागले तर बाकी १ येते, आणि एवढ्यावर ‘लिहिता येईल’ असे उत्तर हमखास दिले जाते. पण ३ आणि १०१९ दोन्ही बाकी ३ देणारे आहेत आणि एकेकदाच आले आहेत. दोन तिनांचा गुणाकार ९ होतो आणि बाकी १ दिसते, म्हणून संख्या वरवर चांगली वाटते. उत्तर ‘नाही’. एकटा १९३ मात्र लिहिता येतो: १२² + ७².

ठेवणीवरून ओळखायच्या संख्या

आता अकरा अंकी १२३४५६५४३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. वर्गमूळापर्यंत भागत बसायचे तर एक लाखाच्या पुढे जावे लागेल. तसे करू नका. आधी संख्येकडे नीट पाहा.

तीनचे गट: १२ | ३४५ | ६५४ | ३२१. वजाबाकीची कसोटी: ३२१ − ६५४ + ३४५ − १२ = ०. म्हणजे ७, ११, १३ तिन्ही जातात. बेरजेची कसोटी: १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १३३२ = ३६ × ३७, म्हणजे ९ आणि ३७ जातात. दोन ओळींत पाच मूळ अवयव मिळाले. ९ × ३७ × १००१ = ३३३३३३ ने भागा, येतात ३७०३७, म्हणजे ३७ × १००१. काम संपले:

१२३४५६५४३२१ = ३² × ७² × ११² × १३² × ३७² = १११,१११², म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग. एक मोजूनच लिहा, या संख्येत सर्वात जास्त चूक तीच होते.

ही संख्या आपल्या मातीतली आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या गुणाकारांची उदाहरणे आहेत, आणि त्यात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हेही आहे. अवयव हाती असले की हे कसे बसवले ते दिसते: ४४१ = (३×७)² आणि २७९९४६८१ = (११×१३×३७)² = ५२९१². पुढे विसाव्या शतकात देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना मुंबईजवळच्या रेल्वे स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले. आपली संख्या त्या रांगेत सहावी. रांग नऊ एकांपर्यंतच देखणी राहते. दहा एकांच्या वर्गात हातचे येतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते.

हर्षद संख्या हेही कापरेकरांचेच नाव: अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६ आहे. संख्या विषम, ३६ सम, म्हणून ही हर्षद नाही.

विभाजक ३×३×३×३×३ = २४३. विभाजकांची संख्या विषम आली की दिलेली संख्या पूर्ण वर्ग असते. त्यांची बेरीज १३ × ५७ × १३३ × १८३ × १४०७ = २५३७५५२४९९३. संख्या स्वतः वगळून १३०२९८७०६७२ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा जास्त! सम संख्यांत हे नेहमीचे आहे, विषम संख्यांत विरळा. विषमांमधली अशी सर्वात लहान संख्या ९४५ आहे.

शून्य न वापरता हिला दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येते. १३ × ३७ = ४८१ आणि ३१९² + ३६०² = ४८१². उरलेल्या ३×७×११ = २३१ ने गुणा: ७३६८९² + ८३१६०² = १११,१११². सहा एकांचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण.

यंत्र वापरताना

दहा अंकी पडद्याच्या कॅल्क्युलेटरवर ही संख्या १.२३४५६५४३२ × १०¹⁰ अशी दिसते आणि शेवटचा १ दिसेनासा होतो. एक्सेल पंधरा अंकच धरतो. वरची एकोणीस अंकी संख्या टाकली तर शेवटचे चार अंक शून्य होतात आणि कोणतीही सूचना येत नाही. पायथनमध्ये पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही. लिनक्स असेल तर ‘फॅक्टर’ ही आज्ञा अवयव थेट देते. हाताने काम झाल्यावर ताळ्यासाठी ती वापरा.

सरावासाठी

निपाणी ५९१२३७ = ३² × १७९ × ३६७. इथेही १७९ पर्यंत धीर धरावा लागतो.

खानापूर ५९१३०२ = २ × ४१ × ७२११. यात ४१ लवकर सापडतो आणि मुले तिथेच थांबतात. पण ४१ × ४१ = १६८१, आणि ७२११ त्याहून मोठा आहे, त्यामुळे थांबायचा नियम अजून लागू झालेला नाही. ४१ पुन्हा, मग ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३ एवढ्यांनी भागून पाहा. ८५ × ८५ = ७२२५ असल्याने ८३ नंतर काही उरत नाही, आणि तेव्हाच ७२११ समोर ‘मूळ’ लिहा.